क्लस्टरशेजारचा मंद क्ष-किरण स्रोत: त्याचाच, मागचा, की भलताच?

प्रश्न थोडक्यात असा: एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण दुर्बिणीच्या खुल्या संग्रहातल्या सुमारे ३५ हजार सेकंदांच्या एका निरीक्षणात, दृष्टिक्षेत्राच्या मध्यापासून ८ कलांवर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा साठावा) एक मंद स्रोत दिसतोय. तिन्ही कॅमेऱ्यांचे मिळून, पार्श्वभूमी वजा जाता, जेमतेम ११० फोटॉन. ०.५ ते २ केईव्ही (फोटॉनच्या ऊर्जेचं माप) पट्ट्यातला प्रवाह अर्धा एकक. इथे एकक म्हणजे १० चा उणे १४ वा घात अर्ग प्रति चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद. सॉफ्टवेअरनं त्याला 'विस्तारित', म्हणजे बिंदूपेक्षा पसरट, ठरवलंय. ५ विकलांवर एक लाल दीर्घिका आहे आणि ३ कलांवर ०.४ रेडशिफ्टचा (ताम्रसृतीचा; ती जितकी जास्त तितकी वस्तू दूर) एक नोंदलेला दीर्घिकासमूह, म्हणजे क्लस्टर. मग हा स्रोत त्याच क्लस्टरचा धरायचा का?

एवढ्यावरून नाही. आणि 'हा कुणाचा स्रोत' हे विचारण्याआधी 'हा कोणत्या जातीचा स्रोत' हे ठरवावं लागतं, कारण हाताशी असलेल्या प्रत्येक आकड्याचा अर्थ जातीप्रमाणे बदलतो.

आधी शेजाराचा हिशेब. ०.४ रेडशिफ्टवर १ विकला म्हणजे सुमारे ५.४ किलोपार्सेक (एक किलोपार्सेक म्हणजे सुमारे ३२६० प्रकाशवर्षं). ३ कला म्हणजे १८० विकला, म्हणजे जवळपास ९७० किलोपार्सेक. चांगल्या वजनदार क्लस्टरचीही वेस साधारण तिथेच लागते. आता ३ कला त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ काढा: २८ चौरस कला. अर्ध्या एककाच्या प्रवाहापर्यंत आकाशात चौरस अंशाला दोनशे-अडीचशे क्ष-किरण स्रोत असतात, आणि चौरस अंशात ३६०० चौरस कला. म्हणजे त्या वर्तुळात दीड-दोन स्रोत निव्वळ योगायोगानं पडणारच. तिथे क्लस्टर नसता तरी हा स्रोत असायला काही हरकत नव्हती. त्यामुळे कॅटलॉगमधलं ते नाव तूर्त बाजूला ठेवा.

५ विकलांवरच्या लाल दीर्घिकेचं प्रकरण जास्त मजेशीर आहे. एक्सएमएमची चौकट आधी गाया उपग्रहाच्या यादीतल्या ताऱ्यांशी किंवा माहीत असलेल्या क्वेसारांशी (दूरच्या दीर्घिकांच्या प्रखर गाभ्यांशी) जुळवून घ्या; ती मुळात एक-दोन विकलांनी सरकलेली असू शकते. जुळवल्यावर एवढ्या मंद बिंदुस्रोताच्या स्थानातली चूक दीड विकलेच्या घरात उरते. म्हणजे स्रोत बिंदूसारखा असेल, तर ५ विकला हे अंतर तीन सिग्मापेक्षा जास्त झालं आणि ती दीर्घिका उमेदवार म्हणून जवळजवळ बाद. पण स्रोत खरोखर विस्तारित असेल, १.२ रेडशिफ्टचा क्लस्टर समजा, तर तिथे ५ विकला म्हणजे फक्त ४० किलोपार्सेक. क्लस्टरची सर्वांत तेजस्वी दीर्घिका तप्त वायूच्या मध्यापासून तेवढी सरकलेली असणं रोजचंच. तेच अंतर एका जातीत आरोपीला सोडवतं, दुसऱ्या जातीत अडकवतं.

योगायोगाच्या जुळणीची शक्यताही काढून ठेवा. त्रिज्येचा वर्ग गुणिले पाय गुणिले वस्तूंची घनता, हा अपेक्षित आकडा. समजा प्रतिमेत चौरस कलेला ३० दीर्घिका दिसतात. ५ विकलांच्या वर्तुळात ०.६५ दीर्घिका आपोआप येतात, म्हणजे निदान एक तरी सापडण्याची शक्यता ४८ टक्के. १ विकलेच्या वर्तुळात हीच शक्यता अडीच टक्क्यांवर येते. मात्र घनता सगळ्या दीर्घिकांची नव्हे, तुमच्या उमेदवाराइतक्या तेजस्वी आणि इतक्याच लाल दीर्घिकांची घ्यायची. तशा चौरस कलेला एकच असतील, तर ५ विकलांवरची जुळणीसुद्धा दोन टक्क्यांचाच योगायोग ठरते. 'सर्वांत जवळची वस्तू' निवडण्याऐवजी शक्यता-गुणोत्तराची किंवा बेझची पद्धत वापरतात ती याचसाठी.

आता 'विस्तारित' या शिक्क्याकडे या. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून इथे घाई करू नका.

पहिली पायरी दुर्बिणीवर अधूनमधून आदळणाऱ्या प्रोटॉनच्या झोतांची. तिन्ही कॅमेऱ्यांपैकी एक पीएन, दोन मॉस. पीएन कॅमेऱ्याचा १० ते १२ केईव्हीचा आणि मॉस कॅमेऱ्यांचा १० केईव्हीच्या वरचा प्रकाशवक्र १०० सेकंदांच्या टप्प्यांत काढा. पीएनमध्ये सेकंदाला ०.४ घटना (टिपलेले फोटॉन वा कण) आणि मॉसमध्ये ०.३५ च्या वर गेलेला वेळ कापून टाका. पण डोळे झाकून नको, वक्र बघून. नेहमीची गाळणी, पीएनसाठी पॅटर्न (एका घटनेनं किती आणि कसे पिक्सेल उजळले याचा क्रमांक) ४ पर्यंत आणि मॉससाठी १२ पर्यंत, लावूनच पुढे जा. झोतांनी ३५ हजारांतले १५ हजार सेकंद खाल्ले तर तुमच्या ११० फोटॉनांचाही हिशेब बदलतो. पीएन पूर्ण-चौकट पद्धतीत चालत असेल तर ६.३ टक्के घटना चुकीच्या वेळी वाचल्या जातात आणि तेजस्वी स्रोताच्या रांगेत एक फिकट पट्टा उमटतो. मंद स्रोत त्या पट्ट्यावर बसलाय का, हे एकदा बघून घ्या. चिपमधल्या फटींचंही तसंच: फटीनं अर्धा कापलेला बिंदू प्रोग्रामला लांबट वाटतो. तिन्ही कॅमेऱ्यांच्या फटी वेगवेगळ्या जागी पडतात. म्हणून विस्तार तिन्हींत दिसतो की एकाच कॅमेऱ्यात, हे वेगवेगळं तपासा.

दुसरी गोष्ट, एक्सएमएमचा बिंदू, म्हणजे बिंदुस्रोताचा प्रतिमेत उमटणारा ठिपका, मध्यावर साधारण ६ विकला रुंद असतो, पण त्याचे पंख लांब असतात: निम्मे फोटॉन सामावायला १५ विकलांचा व्यास लागतो. ८ कलांवर तो आणखी फताडा आणि वाकडा होतो. शिवाय दोन क्वेसार एकमेकांपासून १० विकलांवर असले, तर ११० फोटॉनांत ते एक लांबट ढग म्हणूनच दिसतात. यावर उपाय असा, की तीन प्रतिरूपं शेजारी शेजारी बसवून बघायची: एक बिंदू, दोन बिंदू, आणि एक बीटा-प्रतिरूप (क्लस्टरच्या वायूचा उजेड गाभ्यापासून बाहेर कसा उतरतो त्याचं सूत्र; बीटा म्हणजे त्या उताराचा आकडा). बीटा २/३ वर स्थिर ठेवा. एवढ्या फोटॉनांत तो मोकळा सोडला तर गाभ्याच्या त्रिज्येशी संगनमत करून काहीही उत्तर देतो. दोन बिंदूंचं प्रतिरूप बीटाइतकंच चांगलं बसत असेल, तर 'विस्तारित' हा शब्द वापरू नका.

तिसरी अडचण तुमच्याच प्रकरणातली आहे. ३ कलांवर आधीच एक क्लस्टर चमकतोय. त्याच्या उतरत्या उजेडावर शोधप्रोग्रामची गुळगुळीत पार्श्वभूमी नीट बसत नाही, आणि जो उजेड उरतो त्याचे तुकडे 'विस्तारित स्रोत' म्हणून यादीत येतात. मोठ्या तेजस्वी क्लस्टरभोवती अशी पिलावळ दिसली की समजायचं. आधी त्या क्लस्टरला बीटा-प्रतिरूप बसवून वजा करा आणि तुमचा स्रोत किती उरतो ते पाहा. पार्श्वभूमीचं वर्तुळही स्रोताभोवती न काढता, क्लस्टरच्या केंद्रापासून तेवढ्याच अंतरावर, पलीकडच्या बाजूला घ्या. म्हणजे क्लस्टरचा उजेड दोन्हीकडे सारखा राहून वजा होतो.

हे सगळं तरून विस्तार टिकला, तर आकाराचा खरा अर्थ लावता येतो. साध्या क्लस्टरच्या गाभ्याची त्रिज्या १०० ते २५० किलोपार्सेक. १ रेडशिफ्टवर विकलेला ८ किलोपार्सेक धरा, म्हणजे १५० किलोपार्सेकचा गाभा १९ विकला. एक्सएमएमला सहज कळेल. पण थंड, घट्ट गाभ्याचा क्लस्टर असेल तर ५० किलोपार्सेक, म्हणजे ६ विकला, आणि तो बिंदूत लपून जातो. दूर गेलं म्हणून क्लस्टर लहान दिसत जातो असंही नाही, १.६ रेडशिफ्टच्या आसपास विकलेला साडेआठ किलोपार्सेकवर प्रमाण थांबतं आणि पुढे उलट फिरतं. मारक ठरतो तो पृष्ठतेजाचा ऱ्हास: १ अधिक रेडशिफ्ट, याच्या चौथ्या घातानं. १ रेडशिफ्टला १६ पट, १.४ ला ३३ पट.

वर्णपटाबद्दल: ११० फोटॉनांतून तापमान काढायचा मोह आवरा. काय-वर्गाची चाचणी तर नकोच, थोड्या फोटॉनांसाठीचं कॅशचं सांख्यिकी वापरा. उदासीन हायड्रोजनचं प्रमाण आकाशगंगेच्या नकाशावरून घेऊन स्थिर ठेवा, धातूंचं प्रमाण सूर्याच्या ०.३ वर ठेवा. तरीही लोहाची रेषा दिसत नसेल तर तापमान आणि रेडशिफ्ट एकमेकांना बांधलेले राहतात: ६ केईव्हीचा वायू १ रेडशिफ्टवर आणि ३ केईव्हीचा वायू शेजारी, दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात. तापमान १०-२० टक्क्यांपर्यंत हवं तर हजारभर फोटॉन हाताशी असावे लागतात.

मात्र पट्ट्यांची तुलना ११० फोटॉनांतही जमते, आणि तुमच्या प्रश्नावर तिचा थेट उपयोग आहे. अर्धा एकक प्रवाह ०.४ रेडशिफ्टवर ठेवला, तर तेजस्विता १० चा ४२ वा घात अर्ग प्रति सेकंद, याच्या तिप्पटीच्या आत येते. एवढ्या तेजाचा दीर्घिकांचा छोटा गट असतो आणि त्याचा वायू फार तर १ केईव्हीचा. अशा गटाचे बहुतेक फोटॉन १ केईव्हीच्या खालीच यायला हवेत. तोच प्रवाह १.२ रेडशिफ्टवर ठेवला की तेजस्विता १० चा ४३ वा घात, त्याच्या चौपट होते; म्हणजे ३ केईव्हीच्या आसपासचा, अगदी सर्वसाधारण क्लस्टर, आणि त्याचे फोटॉन १ ते २ केईव्हीतही भरपूर. म्हणून ०.५ ते १ आणि १ ते २ केईव्हीतली मोजणी शेजारी मांडा. आणि ४.५ केईव्हीच्या वर ठळक संकेत असेल तर क्लस्टर विसरा. तो बहुधा धुळीआडचा सक्रिय गाभा आहे, म्हणजे दीर्घिकेच्या मध्यावरचं वायू गिळणारं महाकाय कृष्णविवर. दूरच्या तप्त वायूला तिथे देण्यासारखं काही उरत नाही.

पुढचं काम दृश्य आणि अवरक्त प्रतिमांवर. डेसी लेगसी सर्व्हे या आकाश-सर्वेक्षणाच्या प्रतिमा फुकट उपलब्ध आहेत. त्यावर क्ष-किरणांच्या समतेज रेषा ओढा. बाजूला वाइज या अवरक्त उपग्रहाची ३.४ मायक्रॉनची प्रतिमा ठेवा, कारण १ च्या पुढच्या रेडशिफ्टच्या दीर्घिका दृश्य प्रकाशात मेलेल्या आणि तिथे जिवंत असतात. एका सुट्या लाल दीर्घिकेला अर्थ नाही. एकाच रंगाच्या पाच-सात दीर्घिका समतेज रेषांच्या आत दाटलेल्या हव्यात. जुन्या ताऱ्यांच्या प्रकाशातली ४००० अँगस्ट्रॉमची पायरी १ रेडशिफ्टला ८००० वर आणि १.४ ला ९६०० वर सरकते, म्हणून कोणत्या दोन फिल्टरांत रंग काढायचा ते आधीच ठरतं. समतेज रेषांच्या शिखरावर निळा, बिंदूसारखा काही आहे का तेही पाहा. वाइजच्या पहिल्या दोन पट्ट्यांतला फरक ०.८ मॅग्निट्यूडच्या वर गेला तर सक्रिय गाभ्याचा संशय धरा.

हे सगळं कसं जुळून येतं याचा नमुना म्हणून एक्सएमएमयू जे२२३५.३-२५५७ हा क्लस्टर घ्या. एनजीसी ७३१४ या जवळच्या दीर्घिकेच्या ४५ हजार सेकंदांच्या एक्सएमएम निरीक्षणात तो कडेला, विस्तारित स्रोत म्हणून आपसूक सापडला. म्हणजे तिथेही शेजारी एक नामांकित वस्तू होतीच, आणि तिचा या स्रोताशी काडीचा संबंध नव्हता. चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीवरच्या आर आणि झेड फिल्टरांच्या झटपट प्रतिमांत त्याच जागी लाल दीर्घिकांची दाटी दिसली, रंगफरक २.१. मग वर्णपट घेतले: १२ दीर्घिका १.३८ ते १.४० च्या दरम्यान. प्रवाह ३.६ एकक, तेजस्विता १० चा ४४ वा घात त्याच्या तिप्पट, तापमान ६ केईव्ही, म्हणजे ७ कोटी केल्विन. २००५ मध्ये जाहीर झाला तेव्हा क्ष-किरणांतून निवडलेला तो सर्वांत दूरचा क्लस्टर होता. आकार, रंग, रेडशिफ्ट आणि तेजस्विता-तापमानाचं नातं, चारही गोष्टी स्वतंत्रपणे एकाच उत्तरावर आल्या. रेडशिफ्टच्या रुंदीचा आकडाही तपासून बघा: ०.०२ चा फरक, भागिले २.३९, गुणिले प्रकाशवेग, म्हणजे सुमारे २५०० किलोमीटर प्रति सेकंद. बांधलेल्या समूहाला शोभेल असाच.

'क्लस्टरचा सदस्य' हा शब्द म्हणूनच वर्णपटाशिवाय वापरू नये. चांगल्यातल्या चांगल्या रंगमापी (वर्णपटाऐवजी रंगांवरून काढलेल्या) रेडशिफ्टमध्ये १ अधिक रेडशिफ्टच्या तीन टक्के चूक धरली, तर ती वेगात ९००० किलोमीटर प्रति सेकंद होते. क्लस्टरमधल्या दीर्घिका मध्याच्या दोन हजार इकडेतिकडे असतात. तुमच्या लाल दीर्घिकेचं रंगमापी उत्तर ०.४३ आलं तर ती सदस्यही असेल किंवा कोट्यवधी प्रकाशवर्षं मागेही. जेकेसीएस ०४१ या क्लस्टरची कथा माहीत असावी: २००९ मध्ये रंगांवरून १.९ रेडशिफ्ट सांगितली गेली, नंतर 'हे तर एकामागे एक आलेल्या दोन-तीन रचनांचं मिश्रण' असा आक्षेप आला, आणि शेवटी हबलच्या वर्णपटांनी १.८० वर एक खरा क्लस्टर पक्का केला. तोपर्यंत काही वर्षं गेली. एसडीएसएस आणि डेसी या सर्वेक्षणांचे खुले वर्णपट आधी चाळा. कदाचित तुमचं उत्तर तिथे आधीच पडून असेल.

उलट दिशेची चूकही तितकीच महाग आहे: क्लस्टरला बिंदू समजणं. फिनिक्स क्लस्टरच्या मध्यभागी इतका प्रखर सक्रिय गाभा आहे की क्ष-किरणांत तेवढाच डोळ्यात भरतो, ०.५९६ रेडशिफ्टचा तो राक्षस दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीनं वैश्विक सूक्ष्मलहरींतल्या सावलीवरून उघडकीला आणला. पीकेएस १३५३-३४१ हा रेडिओस्रोतही असाच, ०.२२३ रेडशिफ्टवर त्याच्याभोवती अख्खा क्लस्टर निघाला. इरोसिटा या क्ष-किरण दुर्बिणीच्या १४० चौरस अंशांच्या चाचणी सर्वेक्षणात ५४२ उमेदवार विस्तारित म्हणून मिळाले, आणि बिंदूंच्या यादीत लपलेले आणखी ३४६ क्लस्टर व गट नंतर वेगळे काढावे लागले. शिक्का कोणताही असो, 'बिंदू की क्लस्टर' असं विचारूच नका. 'दोन्ही किती किती' असं विचारा, आणि बिंदू अधिक बीटा हे चौथं प्रतिरूपही बसवून पाहा.

एक भूतही आहे. मेलेल्या रेडिओ दीर्घिकेच्या लोळांतले म्हातारे इलेक्ट्रॉन वैश्विक सूक्ष्मलहरींना धक्का देऊन क्ष-किरण बनवतात. त्या लहरींची ऊर्जाघनताही १ अधिक रेडशिफ्टच्या चौथ्या घातानं वाढते. पृष्ठतेजाचा ऱ्हास त्यानं भरून निघतो आणि दूरचं भूत जवळच्याइतकंच उजळ राहतं. 'चंद्रा' या क्ष-किरण दुर्बिणीच्या उत्तर खोल क्षेत्रातला एचडीएफ १३०, रेडशिफ्ट १.९९, जवळपास ७०० किलोपार्सेक लांब, हे त्याचं ठरलेलं उदाहरण. ओळखायची खूण: लांबट, दोन लोळांचा आकार, औष्णिक ऐवजी घातनियमाचा वर्णपट, आणि कमी वारंवारतेवर रेडिओचा अवशेष. इथे आपल्या नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण थेट कामाची. तिचं १५० मेगाहर्ट्झचं सर्वेक्षण, २५ विकलांच्या भेदनक्षमतेचं, उणे ५३ अंशांच्या उत्तरेचं जवळपास सगळं आकाश व्यापतं आणि खुलं आहे. तुमच्या जागेचा तुकडा पाच मिनिटांत उतरवता येतो. ॲस्ट्रोसॅटची क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टीआयएफआरमध्ये घडली म्हणून तिच्याकडे जावंसं वाटेल, पण तिचा बिंदूच दोन कलांचा. तुमचा स्रोत आणि शेजारचा क्लस्टर तिला नीट वेगळे दिसणार नाहीत. तिची कामं वेगळी.

नवी निरीक्षणं मागायची झाली तर 'चंद्रा' दुर्बिणीवर अर्ध्या विकलेचा बिंदू मिळतो आणि पार्श्वभूमी इतकी कमी की एका विकलेच्या वर्तुळात पाच-सहा फोटॉन आले तरी 'बिंदू' हे उत्तर पक्कं. वेळेचा अंदाज करताना जुनी गुणकं वापरू नका. तिच्या कॅमेऱ्याच्या फिल्टरवर वर्षानुवर्षं साचलेल्या थरानं मऊ क्ष-किरणांची संवेदनक्षमता बरीच घटली आहे. चालू आवर्तनाचीच कॅलिब्रेशन फाइल घ्या.

बहुवस्तू वर्णपटमापीवर एखादी रात्र मिळाली तर मास्कमधली (फटी पाडलेल्या पत्र्यातली) पहिली फट शिखराच्या दोन विकलांतल्या निळ्या बिंदूवर ठेवा, दुसरी लाल दीर्घिकेवर, आणि उरलेल्या तिच्याच रंगाच्या दीर्घिकांवर. ७५०० अँगस्ट्रॉमच्या पुढे आकाशाच्या हायड्रॉक्सिल रेषा त्रास देतात, १.२ रेडशिफ्टला कॅल्शियमच्या रेषांची जोडी ८६५० ते ८७३० च्या पट्ट्यात येते, म्हणून एकच लांब निरीक्षण न घेता फटीवर वस्तू थोडी सरकवत छोटे तुकडे घ्या. निळ्या बिंदूत रुंद रेषा निघाल्या तरी बाकीच्या फटी फुकट जात नाहीत. त्याची रेडशिफ्ट लाल दीर्घिकांशी जुळली तर क्लस्टरच्या पोटातला क्वेसार, नाही जुळली तर दोन वेगळ्या वस्तू एका रेषेत. आणि मग ११० फोटॉनांची वाटणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल.